उरलेली गोणी

गिलावेवालीचा आपल्या दिरावर आंधळा विश्वास होता. नवरा गेला तेव्हा शेजारच्या खोलीतल्या या दिरानेच तिला धीर दिला होता. शिवाय गल्लीची सगळी सरकारी कामं तोच करायचा, म्हणून लोक त्याला पुढारी म्हणत.

बातमीही त्यानेच आणली. "वहिनी, घर हा आपला हक्क आहे, घटनेतच लिहिलंय! पण सगळ्यांना एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. या टप्प्यात आपल्या गल्लीतून एकच घर. साहेब खोल्या बघायला येणार आहेत."

आता टप्प्याटप्प्याने म्हणजे काय, ते टप्पे पाडणाऱ्यांनाच ठाऊक! तिला एवढंच कळत होतं, की खोलीची मागची भिंत गटाराला टेकलेली, बारा महिने पाझरणारी, आणि त्या ओलीने लेकीची छाती सारखी घरघरते. कोरडी खोली मिळाली नाही तर पोर हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"मग ही भिंतच दाखवते साहेबांना," ती म्हणाली.

"छे, छे! असं गबाळं घर दाखवतात का कुणी? ज्यांना घर सांभाळता येतं, त्यांनाच देतात. झकास गिलावा करा. तुमचा हात लागला की भिंतीचा आरसा होतो."

ती हरखली. कामावर खाडे करून तिने भिंत खरवडली, नवा गिलावा चढवला, वर चुना मारला. शेजारून ठोकाठोक ऐकू आली, तेव्हा वाटलं, भाऊजीही डागडुजी करताहेत. सिमेंटची एक गोणी उरली होती, ती तिने आपणहून त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

साहेब आले, भिंतीवरून हात फिरवला. "वा! चांगली राहण्याजोगी खोली आहे की." बाई कौतुकाने फुलून गेली.

मग साहेब शेजारी गेले. तिथे छताचे पत्रे उचकटलेले, भिंतीला भगदाड, आणि पुढारी डोकं धरून बसलेला. "अरेरे! यांना आधी घर द्यायला हवं," साहेब म्हणाले.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, हे पत्रे कालपर्यंत धड होते हो! माझी भिंत आतून ओली आहे, मीच झाकलीय!"

साहेबांनी पुढाऱ्याकडे पाहिलं.

"वहिनींना वाईट वाटणारच, साहेब," तो मान खाली घालून म्हणाला. साहेब चालू लागले.

पुढाऱ्याचं सामान हातगाडीवर चढलं, तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, पोर तुमच्या अंगाखांद्यावर वाढली हो. कसं करवलं तुम्हाला?"

"पुढच्या टप्प्यात तुमचंच नाव, वहिनी. शब्द देतो." त्याने गाडीमागून गोणी ओढली आणि तिच्या उंबऱ्याशी ठेवली. "ही तुमची राहिली होती. लागेल तुम्हाला."

गोणीचं तोंड शिवलेलंच होतं. आत पोर खोकत होती, आणि नव्या गिलाव्यावर जमिनीकडून ओल चढायला लागली होती.