कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं गाणं

हंसा वाघेला अकरा वर्षं दुसऱ्यांच्या जागी गायली. मोठ्या गायिकेची तारीख मिळाली नाही की सिनेमावाले शूटिंगपुरतं गाणं तिच्याकडून गाऊन घ्यायचे. नटी त्यावर ओठ हलवायची, पुढं सवडीनं मोठी बाई येऊन तेच गाणं आपल्या आवाजात भरून जायची आणि हंसाबेनचा आवाज पुसला जायचा. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान मी कधी ऐकली नाही.

मी व्हायोलिनवाला. मार्सेलिन कुटिन्हो, राहणार धोबी तलाव. बलदेव सागर या संगीतकाराकडे मी व्हायोलिनवाल्यांच्या रांगेत पाचव्या-सहाव्या खुर्चीवर वाजवायचो. नव्वद साली त्यांनी एका प्रेमकथेची आठ गाणी केली. त्यातलं एक गाणं दोनदा होतं. एकदा बागेत, आनंदाचं. आणि शेवटी ताटातूट झाल्यावर, संथ लयीत. आनंदाचं रागिणी सहायनं गायलं, तेव्हाची मोठी गायिका. उदास गाण्याच्या दिवशी ती परदेशात होती, म्हणून ताडदेवच्या स्टुडिओत हंसाबेनला बोलावलं. साथीला फक्त हार्मोनियम आणि मी. तिनं दोन टेक दिले. सागरसाहेब काचेआडून म्हणाले, "ठीक आहे, चालून जाईल." ती पर्स उचलून बसस्टॉपवर गेली.

रागिणीबाई ते गाणं भरायला आल्याच नाहीत. कॅसेट कंपनीला घाई होती. हंसाबेनचं गाणं होतं तसंच छापलं गेलं, पडद्यावरही तेच राहिलं. कव्हरवर नाव रागिणी सहाय.

हंसाबेनला हे थिएटरात कळलं. नवरा शेजारी बसला होता. प्रवीणभाई, म्युनिसिपल शाळेत मास्तर, गाण्यातलं त्यांना काही कळत नसे. पण पहिल्या ओळीलाच त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "अगं, ही तर तू."

त्या वर्षी गल्लीगल्लीत ती कॅसेट वाजत होती, आणि लोक हे गाणं असलेली दुसरी बाजूच जास्त लावायचे. हंसाबेन सागरसाहेबांना भेटायला गेली. पुढच्या छपाईत नाव घाला, एवढंच तिचं म्हणणं. साहेबांनी तिला चहा पाजला, बेटी बेटी म्हटलं आणि कंपनीवर ढकललं. कंपनीनं तिला साहेबांकडे परत धाडलं. शेवटी तिनं गायकांच्या संघटनेकडे अर्ज केला. त्यांना साक्षीदार हवा होता. हार्मोनियमवाला तोवर वारला होता. राहिलो मी.

ती माझ्या घरी आली, माझ्या बायकोशी बोलली, मला म्हणाली की तुम्ही फक्त खरं ते सांगा. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सागरसाहेबांनी मला बोलावलं. अर्जाचा विषयही काढला नाही. दोन नवीन सिनेमे मिळालेत, पहिल्या खुर्चीवर कुणाला बसवावं याचा विचार चाललाय, एवढंच बोलले. वर माझी मुलगी कितवीत आहे विचारलं.

संघटनेच्या खोलीत टेपरेकॉर्डरवर गाणं लावलं. अध्यक्षांनी विचारलं, "मिस्टर कुटिन्हो, व्हायोलिन तुमचं?"

"हो."

"आणि आवाज?"

हंसाबेन माझ्याकडे बघत नव्हती. मी खोटं बोलेन असं तिच्या मनातही नसावं.

"दिवसाला तीन तीन गाणी होतात साहेब," मी म्हटलं. "या दोघींचा आवाज जरा सारखाच आहे. नक्की सांगता येणार नाही."

अर्ज निकालात निघाला. बाहेर जिन्यावर ती थांबली. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाली, "मार्सीभाई, दुसऱ्या टेकनंतर तुम्ही माझ्याकडे रुमाल मागितला होता. डोळे पुसायला. तो अजून परत दिला नाहीत." आणि खाली उतरली.

पुढच्या मार्चमध्ये रागिणी सहायला बक्षीस मिळालं, त्याच गाण्याला. स्टेजखाली वाजवणाऱ्यांत पहिल्या खुर्चीवर मी होतो. ती ट्रॉफी छातीशी धरून म्हणाली की हे गाणं गाताना मला रडू आवरत नव्हतं. हॉलभर टाळ्या. मला इशारा झाला आणि मी त्याच गाण्याची सुरावट वाजवली.

हंसाबेनला कामं येईनाशी झाली. तक्रार करणारी बाई कुणाला हवी असते? मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ती गाऊ लागली. तिथं या गाण्याची फर्माईश हमखास यायची. लोक कौतुकानं सांगायचे, ताई, अगदी रागिणी सहाय वाटता हो. मग एका सीझनला तिनं तेही सोडलं.

माझी खुर्ची तीन वर्षं टिकली. नंतर एक की-बोर्डवाला आला आणि तो एकटाच वीस व्हायोलिनं वाजवायला लागला. सागरसाहेबांनी फोन घेणं बंद केलं. रिकामपणी मी एक पत्र लिहिलं. तारीख, स्टुडिओ, कोण गायलं, सगळं, खाली सही. दुपारचा घेऊन गेलो.

दार हंसाबेननंच उघडलं. केस पिकले होते. तिनं पत्र उभ्यानंच वाचलं आणि घडी घालून माझ्याकडे परत दिलं.

"हे मला कशाला?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं. माहीत नव्हतं ते तुम्हाला."

तिनं पाणी विचारलं. मी नको म्हटलं, तर बरं म्हणाली आणि दार लावून घेतलं.