कोरडी लाट

मित्रांनो, मला चार चाकं आहेत, पण मी गाडी नाही. माझी पाठ लांबट आहे, पण मी बाकही नाही. मला लाँगबोर्ड म्हणतात. समुद्रातले लोक फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येतात ना, तशीच माणसं माझ्यावर उभी राहून उतारावरून खाली येतात. फरक इतकाच, की माझ्याखाली पाणी नसतं, डांबर असतं. आता माझ्या पाठीवर ओरखडे आहेत आणि एका टोकाचा चांगला मोठा टवका उडाला आहे. तो कसा उडाला, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझं आयुष्य सुरू झालं तेच मुळी पडण्यानं. महासागरातल्या काउआई बेटाच्या डोंगरात मी कोआचं झाड होतो. एका मोठ्या वादळात मुळासकट आडवा झालो, कापला गेलो आणि वेंडेलच्या घराखाली फळ्या होऊन पडलो. आमच्याकडे घरं खांबांवर उभी असतात. घराखाली ठेवलेली वस्तू सहसा पुन्हा वर येत नाही. तिथे नेमानं येते ती फक्त वाळवी. मला तिची फार भीती वाटायची.

वेंडेल हा सुतार. त्याचे आजोबा जपानहून इथे उसाच्या मळ्यात मजुरीला आले होते. पुढे मळे बंद पडले, पण ऊस वाहून नेण्याचे रस्ते राहिले. त्या उतरत्या, ओसाड रस्त्यांवर वेंडेल लहानपणापासून लाँगबोर्ड चालवत आला होता. समुद्रात मात्र तो घोट्याच्या वर कधी गेला नाही. लहान असताना एका लाटेनं त्याला पायाखालची वाळू काढून आत ओढलं होतं. काकांनी केस धरून बाहेर काढलं, तेव्हापासून त्यानं पाण्याशी कट्टी घेतली. बेटावर जन्मलेल्या माणसाला हे चारचौघांत सांगताना शरम वाटते, पण खरं ते खरं.

आणि या माणसानं लग्न केलं ते पुआशी! पुआ म्हणजे पाण्यातच वाढलेली बाई. न्याहारीच्या आधी लाटा, कामावरून सुटल्यावर लाटा, आणि कामही तेच: बेटावर येणाऱ्या पाहुण्यांना लाटेवर उभं राहायला शिकवायचं. ती नवऱ्याला 'कोरड्या' म्हणायची, तो तिला 'मासळीबाई'. अशी त्यांची वर्षं मजेत गेली.

मग पुआचा कान बिघडला. वर्षानुवर्षं वारा आणि पाणी झेलून पडद्याला भोक पडलं. दोनदा शस्त्रक्रिया झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की आता पाणी आत गेलं तर ऐकू येणं जाईल आणि उभं राहायचा तोलही जाईल. लाटा बंद. कायमच्या.

पुआ रडली नाही. ती कामावर जात राहिली, पण आता टेबलामागे बसून दुसऱ्यांना फळ्या भाड्यानं द्यायला. घरी आली की ओसरीवर बसायची. तिथून समुद्र दिसतो, म्हणून तिनं आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. वेंडेलनं ते पाहिलं. त्याच आठवड्यात तो घराखाली वाकून शिरला आणि त्यानं मला बाहेर ओढलं.

त्यानं मला पातळ कापलं, थरावर थर चिकटवले, शिकंज्यात दाबून हलका बाक दिला. खाली धातूचे आस आणि मऊ मोठी चाकं लावली, वर पाय घसरू नये म्हणून खरखरीत कागद चिकटवला. तेल चोळल्यावर माझ्या अंगातल्या सोनेरी रेषा अशा उजळल्या, की मलाच माझा हेवा वाटला. मग त्यानं मला दारात, सगळ्यांच्या चपला असतात तिथे आणून ठेवलं.

"हे काय?" पुआनं विचारलं.

"तुझी नवीन लाट. कोरडी आहे, कानात जाणार नाही."

"या वयात मला रस्त्यावर आपटायचं ठरवलंयस वाटतं!"

"तूच सांगत असतेस ना, पुआ पडायला घाबरत नाही म्हणून?"

"नाहीच घाबरत," पुआ म्हणाली आणि तिथल्या तिथे माझ्यावर उभी राहिली.

ते खोटं नव्हतं. पण ती कशावर पडायला घाबरत नव्हती, हा विचार दोघांपैकी कोणीच केला नाही.

चर्चच्या मागच्या आवारात आमची पहिली फेरी झाली. काय सांगू, तिचे पाय मला लगेच कळले आणि मी तिच्या पायांना! गुडघे मऊ, खांदे सैल, वळताना नुसती टाच दाबायची. वेंडेल टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात माझ्या पुढच्या चाकाखाली झाडावरून पडलेलं कुकुईचं टणक बी आलं. मी जागीच थांबलो, आणि पुआ पडली.

आमच्या समुद्रात पाण्याखाली प्रवाळाचे धारदार खडक असतात. तिथे पडताना खोल जाऊन चालत नाही, म्हणून सगळे लहानपणापासून एकच गोष्ट शिकतात: मागे झोकून द्यायचं, हात पसरायचे, अंग चपटं ठेवायचं. पुआ हजारो वेळा तशी पडली होती. त्या दिवशी डांबरावरही ती अगदी तशीच पडली. पाठीवर, हात पसरून. मनगट मोडलं त्याचा आवाज मी ऐकला. पाठोपाठ डोकं आपटलं. हेल्मेट होतं म्हणून बरं, नाहीतर ही गोष्ट मला सांगताच आली नसती.

प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण पुआ बरी झाली नाही. ती माझ्यावर एक पाय ठेवायची आणि तिचा तळवा थरथरायला लागायचा. वरून ती हसत असायची, पण पाठीला सगळं कळतं. दुसरा पाय काही उचलला जायचा नाही. एके दिवशी तिनं मला उचललं आणि घराखाली सरकवून दिलं. वर ओसरीत खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळल्याचा आवाज आला.

मित्रांनो, ते दिवस फार वाईट होते. ओल, काळोख आणि खांबांत कुरतडणारी वाळवी. शेजारच्या म्हाताऱ्या मानोंग सिस्टोची कोंबडी माझ्यावर येऊन अंडी घालू लागली. सोनेरी रेषांचा मी, आणि माझं खुराडं झालं! आपण कोणाच्या तरी पडण्याला कारण झालो, हे तर त्याहून जास्त टोचत होतं.

एका रविवारी वेंडेल सरपटत आला. त्यानं कोंबडीला हुसकलं, मला पुसलं आणि अंगणात नेलं. सोबत गुडघ्यांवर बांधायच्या टणक वाट्या होत्या आणि तळव्याला प्लास्टिकच्या चकत्या लावलेले हातमोजे.

"मी चढणार नाही," पुआ ओसरीवरूनच म्हणाली.

"चढू नकोस. नुसती पड."

"काय?"

"गवतावर पड. गुडघ्यांवर. माझंच चुकलं, मासळीबाई. उभं राहायला शिकवलं, पडायला शिकवायचं राहिलं."

"पडायचीसुद्धा शिकवणी!" असं पुटपुटत ती उतरली. पण उतरली.

शिकवणी सोपी होती. पडणार असं वाटलं की खाली बसायचं, पुढे गुडघ्यांवर यायचं, वाट्यांवर घसरत जायचं आणि मग चकत्यांचे हात टेकायचे. ऐकायला सोपं. पण वेंडेलनं हळूच धक्का दिला, की पुआचे हात मागे जायचे. "गुडघे!" तो ओरडायचा. हात मागेच. पुन्हा धक्का, पुन्हा मागेच.

कुंपणापलीकडे मानोंग सिस्टो आपल्या झुंजीच्या कोंबड्यांना दाणे टाकत होता. इथे वयानं मोठ्या फिलिपिनो माणसाला मानोंग म्हणतात. तो म्हणाला, "पोरी, नवस बोललीस की काय? सकाळपासून गुडघे टेकायला बघतेयस, पण देव काही पावेना!"

सगळे हसले. पुआ हसता हसता एकदम गवतात बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. आजारपणात न आलेलं रडू त्या दिवशी आलं.

"हात माझं ऐकत नाहीत रे," ती म्हणाली. "ते अजून समुद्रातच आहेत."

वेंडेल तिच्याशेजारी बसला. डब्यातली मुसुबी, म्हणजे भाताची दाबून केलेली वडी, काढून अर्धी तिला दिली, अर्धी आपण खाल्ली. मग म्हणाला, "असू देत. रोज थोडे थोडे बाहेर काढू."

तसंच झालं. गवत झालं, मग फरशी, मग मी उभा असताना माझ्यावरून, मग मी हळू चालत असताना. पुआ पडायची, मी दूर पळायचो, वेंडेल मला पकडून आणायचा. हळूहळू हात मागे जायचे थांबले. पण उतार अजून पाहिला नव्हता, आणि आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, की खरी परीक्षा तिथेच आहे.

उसाचा जुना रस्ता टेकडीवरून थेट समुद्राकडे येतो. शेवटी एक वळण आहे आणि वळणापुढे बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार. वळणाच्या आधी एक पाय जमिनीवर घासून थांबायचं, असं ठरलं. वेंडेल खाली वळणावर जाऊन उभा राहिला. वर आम्ही दोघंच.

पुआनं पहिला पाय ठेवला. दुसरा पाय बराच वेळ जमिनीवरच राहिला. मी श्वास रोखून होतो, लाकडाला जमतो तेवढा. मग तिनं पाय उचलला.

वारा वाढला. चाकं घुमू लागली. तिचं वजन आधी टाचांवर होतं, आखडलेलं. मग सरकत मध्ये आलं आणि गुडघे मऊ झाले. एक झोका डावीकडे, एक उजवीकडे. आणि ती ओरडली! भीतीनं नाही. लाट मिळाल्यावर ती अशीच ओरडायची, असं वेंडेलनं मला पुढे सांगितलं.

तेवढ्यात झुडपातून एक कोंबडा निघाला, त्याच्या मागे कोंबडी, तिच्या मागे पिलांची रांग. आमच्या बेटावर रानकोंबड्या रस्ता आपल्या बापाचा असल्यासारख्या चालतात. पाय घासून थांबायला जागा उरली नव्हती. तिचं अंग मागे झुकलं. माझ्या पाठीवर टाचांचा भार आला आणि मी ओळखलं, हात मागे जाणार. आता मनगट नाही, मान जाईल.

अगदी शेवटच्या क्षणी टाचांवरचा भार सुटला. ती खाली बसली, पुढे आली आणि गुडघ्यांवर घसरत गेली. वाट्यांचा खर्रर्र आवाज आला, मग चकत्यांचा. मग काहीच नाही. पिलांच्या अलीकडे ती थांबली होती, दोन्ही तळहात डांबरावर टेकून.

मी मात्र थांबलो नव्हतो. पिलांच्या बाजूनं निसटून मी वळण ओलांडलं, वेंडेलच्या हातांखालून सुटलो आणि सिमेंटच्या उतारावर आलो. बोट बांधायच्या लोखंडी कडीवर आपटून माझा टवका उडाला, आणि मी पाण्यात गेलो. लाकूड तरंगतं असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटाला धातूचे आस आहेत. आधी चाकं खाली गेली, मग मी. पाण्याखालच्या उतारावर घरंगळत मी कडेशी अडकलो. त्या कडेपुढे तळ दिसत नव्हता, आणि परतणारी प्रत्येक लाट मला तिकडे ओढत होती.

पुआ धावत आली आणि तशीच पाण्यात शिरली.

"मागे हो!" वेंडेल ओरडला. "कान!"

पुआ थांबली. कानावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे, वेंडेल. फळीच आहे. दुसरी करशील."

"तुला दुसरी लाट कुठून आणू?" तो म्हणाला, आणि जो माणूस घोट्याच्या वर कधी गेला नव्हता, तो गुडघ्यापर्यंत गेला, मग कमरेपर्यंत. शेवाळावर त्याचा पाय सटकला. तो पडला, आणि कसा पडला असेल? गुडघ्यांवर! डोकं पाण्याखाली, नाकातोंडात पाणी. तो हातपाय झाडू लागला.

"गुडघे नको! पाठीवर हो!" पुआ काठावरून गरजली. "हात पसर! पोट वर! चपटा हो, कोरड्या, चपटा!"

मी खालून पाहत होतो. हातपाय झाडणारी ती काळी आकृती हळूहळू उघडली आणि पाण्यानं तिला उचलून धरलं.

"आता श्वास घे. भरपूर. तोंड खाली कर, डोळे उघडे ठेव. चाकं दिसतात?"

त्याचे मोठे झालेले डोळे मला दिसले. मग त्याची बोटं माझ्या चाकाला लागली.

पुढे कितीतरी वेळ दोघं उतारावर बसून होती. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, तिच्या विजारीच्या चिंध्या झाल्या होत्या.

"मी कशी पडले, बघितलंस?" तिनं विचारलं.

"नाही ना. मी फळीच्या मागे होतो."

"मग परत पडून दाखवते. चल वर."

पण त्या दिवशी तिनं मला वर नेलं नाही. आधी घरी नेऊन गोड्या पाण्यानं धुतलं, चाकं काढली, बेअरिंग सुटी करून पुसली, सावलीत वाळवलं आणि तेल दिलं. खारं पाणी रात्रभर राहिलं असतं तर मी गंजून संपलो असतो. माझी जागा आता दारात, चपलांशेजारी आहे. तिथून ओसरीवरची खुर्ची दिसते. तिचं तोंड समुद्राकडे आहे. रविवारी सकाळी वेंडेल छातीभर पाण्यात उभा असतो, आणि पुआ काठावरून त्याच्यावर ओरडत असते.

मित्रांनो, तुम्हीही पडाल, तेव्हा खाली काय आहे ते ओळखून पडा. हेल्मेट विसरू नका. आणि तुम्ही पडलात की तुमच्या पायाखालचा जो कोणी दूर फेकला जातो, त्याच्यावर रागावून त्याला घराखाली टाकू नका. तो तुम्हाला सोडून पळालेला नसतो, त्याला थांबता येत नाही. त्याला आणायला या.