रजनीपुढे मुकी झालेली घंटा

फौजदारसाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. गळ्यात झेंडूचा हार, हातात प्रसादाचा द्रोण. एका विधवेची सात वर्षांची लेक तिच्यापासून तोडायची तयारी तुमच्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि तुम्ही शिरा खात होतात.

कासार आंबोलीच्या त्या मांडवात चारेकशे माणसं होती, तरी कुणी मोठ्यानं खोकतही नव्हतं. समोर करड्या रंगाची घंटा टांगलेली. एका बाजूला चुलीवर उकळत्या पाण्याचं घंगाळ, दुसऱ्या बाजूला थंड पाण्याची बादली.

"पाताळातल्या नऊ नागांच्या श्वासावर ओतलेली ही सत्यघंटा! पुण्यवंताला साद देते, करणी करणारीच्या हाती मुकी होते!" बाबा गरजत होता. नाव मौनानंद, आणि तोंड दोन तास बंद नव्हतं. पाताळात जाऊन नाग मोजले कोणी, हे विचारायची छाती एकाचीही झाली नाही. माझीही नाही.

आधी भक्तांची पाळी. शिष्य घंटेला घंगाळात 'उष्णस्नान' घालायचा, भक्त टोला द्यायचा, घंटा खणखणायची. माणसं रडत पाया पडायची.

मग रजनीला पुढं ढकललं. तिचा दीर एकनाथ, त्याच्या दोन वर्षांच्या अमोघला महिन्याभरात तीनदा झटके आले होते. पहिला झटका आला तेव्हा पोर रजनीच्या कडेवर होतं. एवढाच काय तो पुरावा. एकनाथ वाईट माणूस नव्हे. तो भ्यालेला होता, आणि बाबानं त्या भीतीला रजनीचं नाव दिलं. घंटा तीनदा मुकी राहिली तर रजनीनं त्याच पावली गाव सोडायचं आणि तिची जुईली एकनाथच्या घरी राहायची, असं ठरलं होतं.

"पापिणीसाठी शीतस्नान!" शिष्यानं घंटा बादलीत बुडवून पुन्हा टांगली.

रजनीनं टोला दिला.

ठप्प. ओल्या लाकडावर मारल्यासारखं.

लोक झटक्यात मागं सरकले. बायांनी आपापली पोरं पदराखाली घेतली. माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

"भावजी, मीच न्हाऊ घातलंय हो अमोघला. मी कशापायी..."

"वैनी, माझ्याकडं बघू नका!" एकनाथनं डोळे झाकून घेतले.

दुसरा टोला. ठप्प. जुईली "आई" म्हणून ओरडली. दोघीजणींनी तिला मागं ओढलं.

"हातोडी खाली ठेव, रजनी."

पौडच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारी शबनूर बोलली. घंगाळ तिच्याच दुकानातून भाड्यानं आणलेलं. ती ते परत न्यायला आली होती.

"तू कोण गं मधी? तुझा देव येगळा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"देव येगळा असंल, भांडं एकच हाय. वीस वर्सं भांडी वाजवून विकतीया मी. तडा गेलेलं भांडं बद्द बोलतं, पण मग ते कायमचंच बद्द. ही घंटा मगाशी खणखणली, आता न्हाई. आन् भक्तांच्या टायमाला ह्यो चेला तिला फडक्यानं धरतोय, रजनीच्या टायमाला उघड्या हातानं. का रं?"

"देवाची परीक्षा? रक्त ओकशील!" बाबा ताडकन उठला.

शबनूर घंटेपाशी गेली. "ओकले तर घंगाळ तुमीच घासून द्या."

तिनं घंटा उकळत्या पाण्यात सोडली. बराच वेळ ठेवली. फडक्यानं काढून टांगली. "रजनी, मार."

रजनीचा हात उचलेना. शबनूरनं तिच्या मनगटाला आधार दिला.

खणण्! मांडव घुमला.

घंटा पुन्हा थंड पाण्यात गेली. "आता बाबा, तुमी."

बाबा मागं सरकला. पण एकनाथनं त्याचा हात धरला. "मारा, बाबा. माझं पोर मरायला टेकलंय. मारा म्हनतो ना!"

बाबानं टोला मारला. ठप्प.

"अगं बया," एक म्हातारी म्हणाली, "मंग करणी ह्यानंच केली म्हनायची!"

शबनूरचा भाऊ शाकिर जहाजांचे पंखे ओतणाऱ्या कारखान्यात आहे. तिनं त्याला तिथंच फोन लावला, आणि त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मँगनीज आणि तांबं ठरावीक मापात मिसळलं की असा धातू होतो. टोला बसला की धातूच्या पोटातले बारीक थर एकमेकांवर सरकतात आणि थरथर तिथंच जिरवतात. जहाजाचा पंखा पाण्यात गोंगाट करू नये म्हणून तो वापरतात. पुरेसा तापवला की ते थर नाहीसे होतात, आणि तो इतर धातूंसारखाच वाजतो. नाग नाही, पाताळ नाही. चूल आणि बादली.

त्याच दुपारी एकनाथनं अमोघला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फेफरं असल्याचं सांगून औषध सुरू केलं. जुईली आईजवळ आहे. पण पोराचा एक महिना अंगाऱ्यात गेला, तो कोण परत देणार?

लोकहो, घाबरा, माणूस घाबरतोच. पण घाबरल्यावर बाईकडे बोट दाखवण्याआधी पोराला डॉक्टरकडे न्या, आणि चमत्कार दिसला की तो उलटा करून बघा.

आणि साहेब, तुम्ही. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो राबवायचं काम तुमचं. बाबा घंटा कापडात गुंडाळून गाडीत बसला, तेव्हा गर्दी हटवून त्याला वाट तुम्ही करून दिलीत. ती घंटा जप्त का केली नाही? आज ती कोणत्या गावात टांगली आहे, आणि तिच्यासमोर कोणती बाई उभी आहे? उत्तर द्या.