संत्र्याच्या वासाखाली काय आहे?

मी एक जुना गाराफांव आहे. मोठ्या पोटाची, अरुंद गळ्याची काचेची बरणी म्हणा हवं तर. अंगात वेताचं विणलेलं जाकीट, तोंडाला बूच. मित्रांनो, तुमच्यात कोणी लहान असेल तर त्याने नुसतं ऐकावं, माझ्या पोटातला माल त्याच्यासाठी नाही. मोठ्यांनीही माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नये. मी स्वतः कोणावर ठेवत नाही.

माझी काच कुठे ओतली गेली, मला माहीत नाही. कळायला लागलं तेव्हा मी गोव्यातल्या सासष्टीत, सेबास्त्यांवच्या घरी होतो. दर उन्हाळ्यात तो स्वतःच्या भट्टीची काजूफेणी माझ्यात ओतायचा आणि तिच्यात दुकशिरीच्या, म्हणजे तुमच्या उपळसरीच्या, धुतलेल्या मुळ्या सोडायचा. फेणी मनासारखी उतरली तरच मुळ्या पडायच्या. बिघडलेली फेणी तो सरळ मातीत ओतायचा. लांबलांबून माणसं यायची आणि माझ्या पोटावर थाप मारून वाहवा करायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग सेबास्त्यांव गेला आणि भट्टी थंड झाली. त्याच्या हातची शेवटची दुकशिरी पोटात घेऊन मी कोपऱ्यात धूळ खात बसलो.

तो जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्याच्या नावाची लादाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, वाडीच्या क्रुसापाशी, आमच्या खुरसापाशी, ठरली. आमच्याकडे प्रार्थना संपली की जमलेल्यांना उकडलेले चणे आणि फेणी देतात. ज्याच्या नावाने देतात, त्याची आठवण त्या घोटात असते. सेबास्त्यांवचा मुलगा अग्नेलो एका फिरत्या विक्रेत्याकडून संत्र्याच्या वासाच्या फेणीचं खोकं घेऊन आला. बाटल्या अशा नटलेल्या, की मला पाहताक्षणीच संशय आला.

"मांय, तो जुना काढा आता कोण पिणार? लोकांना हे आवडतं."

त्याच्या आईने, एस्कोलास्तिकाने, नाक मुरडलं. "संत्रं हवं तर संत्रं आण. दारूला अत्तर कशाला? कोणाची घाण झाकायचीय?"

"आणि पप्पा मुळ्या घालायचा, ते काय होतं गं?"

तिने खोक्याकडे पाठ फिरवली. प्रश्न मला झोंबला, कारण तो रास्त होता.

अग्नेलोने बाटली जोरात हलवली. फेणीत मोत्यांसारखे बुडबुडे उठून टिकले, तर माल चोख, अशी आमच्याकडची परीक्षा. बुडबुडे उठले आणि टिकलेही. "बघ!" तो म्हणाला. साखरेचा पाक घातला तरी ते टिकतात, हे त्या घाईत दोघांनाही सुचलं नाही. तरी निघताना मांयने मलाही गाडीत ठेवायला लावलं.

खुरसापाशी लादाईन झाली, चणे वाटले गेले. पहिला पेला गेला म्हाताऱ्या इनासच्या हाती. सेबास्त्यांवबरोबर भट्टीवर राबलेला हा माणूस. त्याने दोन थेंब तळहातावर घेतले, हात एकमेकांवर चोळले, दारू उडून जाऊ दिली आणि मग हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"संत्रं आहे, चांगलं आहे. पण काजू कुठाय रे? तुझा बाप कुठाय यात?"

कोणी हसलं नाही. एकेकाने आपला पेला खुरसाच्या पायरीवर ठेवून दिला. अग्नेलोचा चेहरा पडला. वर्षभरात बापासाठी तो पहिल्यांदाच काही करत होता, आणि तेच फसलं होतं. मला त्याची दया आली.

मांयने माझं बूच काढून इनासपुढे मला कलतं केलं. म्हाताऱ्याने मलाही सवलत दिली नाही. थेंब चोळले. आधी मुळीचा वास आला असणार. तो थांबला. माझी काच तडकेल की काय असं मला वाटलं. आणि मग, मुळीच्या वासाखालून, काजूची बोंडं वर आली. म्हाताऱ्याने हात अग्नेलोच्या नाकाशी धरला.

"पप्पा भट्टीवरून आला की हाच वास यायचा," अग्नेलो म्हणाला, आणि त्याने म्हाताऱ्याचा हात नाकाशी तसाच धरून ठेवला.

मित्रांनो, वास लावलेली दारू विकत घेऊच नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? माझंच आयुष्य त्यात गेलं. पण आधी तळहातावर चोळा, वरचा वास उडू द्या, आणि खाली कोणी आहे का ते पाहा. त्या संध्याकाळी मी तळापर्यंत रिकामा झालो. आता मला उन्हात वाळवा, नवा वेत विणा, नाहीतर भंगारात द्या. फक्त जिच्या वासाखाली कोणीच नाही, ती दारू माझ्यात भरू नका.