सतरा सक शंभर

"तू फक्त तोंड उघडू नकोस," मामा म्हणाला. "एवढंच कर. आईसाठी कर."

त्याची आई म्हणजे माझी आजी. ती गेली आणि ज्या शाळेत तिने उभा जन्म फळ्यापुढे काढला, त्या शाळेच्या वाचनालयाला आता तिचं नाव देणार होते. त्यासाठी मामाने शाळेचे उंबरठे झिजवले होते. ऐनवेळी मी घोटाळा करीन अशी त्याला धास्ती, कारण मी बस डेपोत माईकवरून गाड्या पुकारते, आणि माईक बंद पडला तरी प्रवाशांना पत्ता लागत नाही. आजी मला लाडाने भोंगा म्हणायची. मामाही म्हणतो, पण लाडाने नाही.

वाचनालयाच्या दारातच माझं डोकं फिरलं. वर नव्या कोऱ्या पाटीवर आजीचं नाव, आणि बरोब्बर त्याच्याखाली दुसरी पाटी: 'शांतता राखा'. रंग तोच, अक्षर तेच. वाचणाऱ्याला वाटावं, हुकूम आजीनेच सोडलाय.

आजीने! 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे तिने जन्मात कधी म्हटलं नाही. "बोट तोंडावर ठेवलं तर वर कोण करणार?" असं विचारायची. पाढे शिकवताना ती मुद्दाम चुकायची. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सगळं सरळ चालायचं, आणि मध्येच ती ठोकून द्यायची, "सतरा सक शंभर!" नवी पोरं मुकाट 'शंभर' म्हणायची. बाई कशा चुकतील? मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "अरे, मी धडधडीत थापा मारतेय आणि तुम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावताय?" चार-आठ दिवसांत वर्ग तयार व्हायचा. ती चुकली रे चुकली की "बाई, चुकलात!" असा कल्ला उठायचा की शेजारच्या वर्गातले मास्तर दार आपटून बंद करायचे.

पोरं घरी जाऊन बापाच्याही चुका काढू लागली. बाप भांडायला आले. "मग चुकू नका," असं सांगून आजीने त्यांना वाटेला लावलं. तिला मुख्याध्यापिका का केलं नाही, हे वेगळं सांगायला नको. तिच्या वर्गात राहून एकच मुलगा कधी ओरडला नाही. तो म्हणजे मामा. आईला चूक कसं म्हणायचं, म्हणे.

शेवटच्या आजारात तिला माणसं ओळखू येईनात. मी उशाशी बसून पाढे म्हणत होते, कारण दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं. सतरा पंचे पंच्याऐंशीला मी अडखळले. उशीतून आवाज आला, "सतरा सक शंभर." विसरली होती की माझी फिरकी घेत होती, देव जाणे. मी म्हटलं, "आजी, चुकलीस." तिने एक डोळा उघडला. "शाब्बास, भोंग्या." त्यानंतर ती बोललीच नाही. मी खूप रडले. अजूनही रडते, त्यात लपवायचं काय!

आणि इथे मुख्याध्यापक सांगत होते, "बाई म्हणजे मूर्तिमंत शांतता. सोशिक. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत."

सभेला तिचेच विद्यार्थी जमले होते. शिंपीकाम करणारी, नर्स, नळ दुरुस्त करणारा, बँकेतून निवृत्त झालेला. सगळे खाली बघत होते. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, तेव्हा करा त्याची खुशाल गरीब गाय! मी उठणार, तोच मामाने माझं मनगट धरलं.

"आता दोन मिनिटं मौन पाळू या," मुख्याध्यापक म्हणाले. सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या.

"सतरा एके सतरा," मी म्हणाले. डेपोतल्या आवाजात.

मुख्याध्यापकांचं बोट तोंडावर गेलं. मामा पुटपुटला, "भोंग्या, पाया पडतो तुझ्या."

"सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न."

कुणी मान वर करेना. कुणीच बोललं नाही, तर आजीच्या सभेत तमाशा करणारी नात एवढीच माझी ओळख उरणार होती. आणि आजी कायमची त्या पाटीखाली गप्प बसणार होती. चोक अडुसष्ट. पंच्याऐंशीला आवाज कापला.

"सतरा सक शंभर!"

मग मागच्या रांगेतून ती शिंपीण ओरडली, "चूक!" लगेच नर्स. मग नळवाला. आणि मग पिकल्या केसांचं ते अख्खं वाचनालय बेंबीच्या देठापासून ओरडलं, "बाई, चुकलात! एकशे दोन! एकशे दोन!"

मामा तेवढा गप्प होता. पण माझं मनगट त्याने सोडलं होतं.

सभा उरकल्यावर मी स्टूल ओढलं आणि खालची पाटी काढायला वर चढले. स्टूल डगमगत होतं. कुणीतरी ते घट्ट धरलं. बघते तर मामा.

मुख्याध्यापक धावत आले. "अहो, हे काय? वाचनालयात शांतता नको का?"

मामाने स्टूल सोडलं नाही.

"सर," तो म्हणाला, "चुकलात."