नखाएवढा रंग

"शाई कुठं विकलीस, मुंजाजी?"

बन्सीधर शेठनं हे विचारलं तेव्हा मशीन चालू होतं. दिनकररावांनी स्वतः उठून ते थांबवलं. मालकानं मशीनला हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि माझ्या बोटांतला अक्षराचा खिळा सटकून खाली पडला.

शेठच्या हातात लेबलांचा ताजा गठ्ठा होता. पोपट छाप बिडीच्या बंडलावर चिकटवायची ती लेबलं परभणीत आमच्याच छापखान्यात छापली जायची. गठ्ठा त्यानं टेबलावर आपटला.

"सोनपेठच्या बाजारात लोक बंडल उचलतात आणि परत ठेवतात. म्हणतात, ही नकली पोपट आहे. अरे, लोकांना वाचता येतंय थोडंच? रंग बघून बिडी घेतात ते! माझा रंग डाळिंबाच्या दाण्याचा. तू त्याचं गाजर केलंस!"

जर्मनीच्या लढाईचे दिवस होते. मुंबईहून येणारी लाल शाई मिळता मिळत नव्हती. मुंजाजीनं शाई बाहेर विकली आणि उरलेल्या शाईत तेल ओतून वेळ मारून नेली, असं शेठचं म्हणणं. ऐकणाऱ्या कुणालाही ते पटलं असतं. मला मात्र इतका संताप आला, की शेठची टोपीच उडवावी असं वाटलं.

कारण मुंजाजी मला ठाऊक होता. मी किशनराव, खिळे जुळवणारा. माझं सगळं काम काळ्या अक्षरांचं, रंगातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्या छापखान्यात एक रिवाज होता. मुंजाजी "जुळला" म्हणाल्याशिवाय रंगीत कामाचं चाक फिरायचं नाही. फरशीवर सुरीनं शाई कालवायची, बोटानं कागदावर ओढायची, खिडकीपाशी नमुन्याशेजारी धरायची आणि कोंबडीसारखी मान वाकडी करून बघत राहायचं. घाईच्या दिवशी मी ओरडायचो, "अरे, रंग जुळवतोस का पोरीची सोयरीक? म्हण की एकदाचं!"

तो म्हणायचा, "जुळला न्हाई तर कसं म्हनू, किशनराव? खोटं बोलायला दुसऱ्या लय जागा हायत."

असा हा माणूस. आणि त्याला चोर म्हणत होते.

मुंजाजीनं ताजं लेबल उचललं आणि खिडकीतल्या नमुन्याला लावलं. नमुना म्हणजे शेठनं पसंत केलेलं पहिलं लेबल. वर्षानुवर्षं ते तिथंच ठोकलेलं होतं. दोन्ही रंग अगदी एकसारखे होते.

"मग नमुनाच बदललास तू," शेठ म्हणाला.

आता मात्र मुंजाजीचा तोल गेला. त्यानं नमुना खसकन उपटला, खिळ्यासकट. आणि तो शेठच्या पुढ्यात धरणार, तोच थांबला. खिळ्याची चपटी टोपी सरकली होती आणि तिच्याखाली मसुरीएवढा एक ठिपका होता. गडद, डाळिंबी. बाकीचं सगळं लेबल त्याच्यापुढं फिकं होतं.

"मालक," तो ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "नमुनाच उतरलाय. उनानं. मीच लावलता खिडकीत. उजेडात खरा रंग दिसतो म्हनून."

दर खेपेला नमुना जरासा उतरायचा आणि मुंजाजी इमानानं त्याच्या मागं उतरायचा. आधीच्या खेपेची लेबलं समोर नसायची, मग कुणाच्या लक्षात येणार?

शेठनं ठिपका पाहिला आणि हात झटकला. "खिळ्याचा गंज आहे तो. हे बघ, संध्याकाळच्या गाडीनं मी हैदराबादला निघालोय. तोवर जुनं लेबल दाखव. नाहीतर माझं काम तिकडच्या छापखान्यात जाईल आणि तुझं नाव ठाण्यात."

दिनकरराव मुंजाजीकडं बघेनात. त्यांचं निम्मं पोट त्या पोपटावर होतं.

आम्ही सगळा छापखाना पालथा घातला. पण लेबलं काय दागिने आहेत जपून ठेवायला? छापली, कापली, गेली. रद्दीतही काही सापडेना. मुंजाजीचं तर शोधण्यात लक्षच नव्हतं. दाराशी जायचा, माघारी यायचा. स्वच्छ फरशी पुन्हा पुसायचा. सुरी उचलायचा, ठेवायचा, चप्पल घालायचा, काढायचा.

"अरे, बूड टेक की कुठं तरी!" मी खेकसलो.

"घरी हाय एक," तो म्हणाला.

"मग आण की शहाण्या! इथं काय नाचत बसलास?"

"सुगंधाच्या पेटीत हाय."

सुगंधा त्याची एकुलती लेक. पटकीच्या साथीत गेली तेव्हा सात वर्षांची होती. तिची खेळण्यांची पत्र्याची पेटी पार्वतीवहिनींनी तेव्हापासून उतरंडीमागं ठेवलेली. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, नवऱ्यालासुद्धा.

मी त्याच्याबरोबर गेलो. वहिनी ज्वारी पाखडत होत्या. मुंजाजीला उंबऱ्यातून आत येववेना, म्हणून सगळं मीच सांगितलं. सूप थांबलं.

"चोर म्हनला ह्येन्ला?"

"हो, वहिनी."

"तरी पेटी न्हाई जायची छापखान्यात, भावजी." त्या उठल्या आणि परत बसल्या. "त्येन्ला रंगच बघायचा हाय नव्हं? मग इथं या म्हनाव. लेकीला दारोदार न्हाई फिरवायची मी."

मालकांना आणि बिडीच्या कारखानदाराला मुंजाजीच्या खोपटात बोलवायचं! पण मी बोलावलं, आणि दोघंही आले. शेठ ओट्यावर टेकला. वहिनींनी पेटी आणली, पदरानं पुसली आणि झाकण उघडलं.

आत चिंधीची बाहुली, चिंचोके, बांगड्यांचे तुकडे. आणि झाकणाला आतून चिकटवलेलं लेबल. बापानं पहिल्या छपाईतलं आणून दिलेलं. पोरीनं ते उलटं चिकटवलं होतं. पोपटाचे पाय वर, डोकं खाली. पण रंग! शपथ सांगतो, तो रंग आत्ताच मशीनवरून उतरल्यासारखा ओला दिसत होता.

मुंजाजीनं एका बाजूला खिडकीतला नमुना धरला, दुसऱ्या बाजूला ताजं लेबल. खिळ्याखालचा ठिपका पेटीतल्या रंगाशी तंतोतंत जुळत होता, म्हणजे नमुना तोच होता, फक्त उतरलेला. शेठनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चूक झाली," तो म्हणाला. "काम इथंच राहील, दिनकरराव." आणि मग जरा घुटमळून, "पण नमुना म्हणून हे लेबल काढून द्या. त्याशिवाय रंग परत यायचा कसा?"

ते खरंच होतं; खिळ्याखालचा ठिपका मसुरीएवढा, त्यात मधोमध भोक, तेवढ्यावर रंग जुळवता आला नसता. पण वहिनींचा हात झाकणावर घट्ट झाला, आणि मुंजाजी उठून उभा राहिला.

"न्हाई, शेठ. चोर म्हना वाटलं तर. कामावरून काढा. पन हे न्हाई."

दिनकररावांनी कपाळाला हात लावला. मग वहिनीच बोलल्या, "रंगाला किती लागतंय?"

मुंजाजीनं करंगळीचं नख दाखवलं.

वहिनींनी ओल्या बोटानं एक कोपरा भिजवला. बराच वेळ भिजवला. मग गोधडीच्या सुईनं हळूच सोडवला आणि कात्रीनं कापला. पोपटाला धक्का लागला नाही. तो तुकडा त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि झाकण लावून आत निघून गेल्या. आत त्या रडत होत्या. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

तुकडा मुंजाजीनं तपकिरीच्या डबीत ठेवला. पोपटाचं काम आलं की डबी उघडायची, मान वाकडी करायची आणि डबी लगेच मिटायची. पोपट पुन्हा डाळिंबी झाला आणि सोनपेठला बंडलं पुन्हा खपायला लागली. एकदा मालकांनी नीट बघायला म्हणून डबी मागितली, तर हा गडी त्यांच्यावरही खेकसला, "मालक, उजेड लागतोय!"

निजामाचं राज्य गेलं त्या साली शेठनं हैदराबादेत स्वतःचं मशीन घातलं आणि पोपटाची लेबलं आमच्याकडून गेली. शेवटचा गठ्ठा बांधून झाल्यावर मुंजाजीनं डबी कमरेला खोचली. "चला, किशनराव. रंग घरी पोचवायचाय."

वहिनींनी चिकटवायला भाताची खळ करून ठेवली होती. पेटी ओट्यावर आणली. मुंजाजीनं तुकडा उलट्या पोपटाच्या कोपऱ्यात बसवला, अंगठ्यानं दाबून धरला आणि मग अंगठा काढला.

तुकडा तिथं चपखल बसला. पण रंग उतरला होता. माझ्यासारख्या काळ्या अक्षरांच्या माणसालासुद्धा दिसावा इतका. इतक्या वर्षांत डबी जितक्यांदा उघडली, तितका तो गेला होता.

"जुळला का वो?" वहिनींनी विचारलं.

मुंजाजीनं नेहमीसारखी मान वाकडी केली आणि बघत राहिला. या खेपेला मी घाई केली नाही.

"जुळला," तो म्हणाला.

वहिनींनी झाकण लावलं.