वल्ह्याला बांधलेली पेटी

मी एक पेटी. सागवानी फळ्यांची, वीतभर उंच, हातभर लांब. पोटात काचेचे व्हॉल्व्ह, डोक्यावर पितळी कर्णा. लहान आवाज मोठा करून देणं एवढंच माझं काम. कोणता आवाज मोठा करायचा, हे मात्र माझ्या हातात कधीच नव्हतं.

कराचीहून मुंबई, मुंबईहून रत्नागिरी असा बोटीचा प्रवास करून सत्यवतीनं मला तिच्या आरे गावच्या किनाऱ्यावर आणलं, तेव्हा तिच्या मनात एक चित्र पक्कं होतं. दिवस कलतोय, होडी थांबलीय आणि तिचे महिपतकाका वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांड्याला कान लावून बसलेत. घोळ माशांचा थवा पाण्याखाली घुमतो आणि तो आवाज लाकडातून वर चढतो. तो ऐकून काका सांगणार, मासा कुठल्या अंगाला आहे आणि किती लांब. हे सगळं तिला तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. ते कराची बंदरात खलाशी होते.

प्रत्यक्षात काका वाळूत बसून फाटकं जाळं विणत होते. होडी त्यांना सोडून समुद्रात गेली होती. तिनं जवळ जाऊन हाक मारली, तरी त्यांनी मान वर केली नाही. दोन वर्षांपूर्वी हिवतापात कोयनेलच्या गोळ्या घेऊन घेऊन त्यांचे कान जवळजवळ गेले होते.

माझा जन्म कराचीतला, १९३३ सालचा. मिंगेल नावाचा एक गोवेकर तिथल्या हॉटेलात गिटार वाजवायचा. ड्रम आणि ट्रम्पेटच्या गलक्यात त्याची गिटार कुणालाच ऐकू येत नसे. त्यानं मोडीत निघालेल्या रेडिओतले दोन व्हॉल्व्ह काढले, फळ्या जोडल्या आणि मला उभी केली. ग्रामोफोनचा पिकअप, म्हणजे तबकडीवर सुई टेकवणारं ते डोकं, त्यानं गिटारच्या लाकडाला घट्ट बांधलं. लाकूड थरथरलं की मी बोलायचे.

शेजारची सत्यवती तेव्हा शाळेत होती. कथलाचा डाख देऊन तारा जोडताना त्या धरायला ती यायची आणि प्रश्न विचारून त्याला हैराण करायची. पुढे मिंगेलला विलायती पेटी मिळाली. "तू फार विचारतेस. आता हिलाच विचार," असं म्हणून त्यानं मला तिच्या हवाली केलं.

मॅट्रिक झाल्यावर तिला कराचीतच शिक्षिकेची नोकरी मिळत होती. ती तिनं नाकारली. शिकलेलं आपल्या गावाला द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. एकाला जे कळतं ते सगळ्यांना कळलं पाहिजे, हे वाक्य ती वाटेत बोटीवर भेटेल त्याला ऐकवत होती. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. माझा धंदाच तो.

काकांच्या बायकोनं, येसूकाकीनं, मला पाहिलं आणि विचारलं, "काय गो बाय, भजनाची पेटी आणलंस?"

"नाही काकी, ही वाजत नाही. ऐकवते."

"मग ह्यांना ऐकव. जेवायला या म्हणून चार वेळा बोंबलते. माडावरचे कावळे उडतात, पन हे काय उठत नाय."

काकी हसत होती, पण त्या घरात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. काकांच्या जागी त्यांचा भाचा रावजी सुकाणूशी बसत होता. वल्ह्यातलं त्याला काही उमगत नसे. तो अंदाजानं जाळं टाकायचा. तरी होडीवरच्या माणसांनी ठरवून टाकलं होतं की होळीला होडीपुढचा नारळ रावजीच फोडणार. जो नारळ फोडेल तो तांडेल, होडीचा म्होरक्या. होळीला तेव्हा वीस दिवस होते.

सत्यवतीनं दुसऱ्याच दिवशी मला उघडलं. डाख द्यायची कांडी काकीच्या चुलीत लाल व्हायची. काकी कालवण ढवळता ढवळता तिच्यावर खेकसायची, कारण नवसागराचा धूर भातात जायचा. मुंबईहून टपालानं तिसरा व्हॉल्व्ह आला, तो तिनं मला बसवला. लाटांची छपछप कमी यावी म्हणून माझा एक कंडेन्सर तिनं तीनदा बदलला. पिकअपला मेण लावलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि तो वल्ह्याच्या दांड्याला, पाण्याच्या वर, आवळून बांधला. माझी बॅटरी चार्ज करायला ती रत्नागिरीच्या मोटारस्टँडपर्यंत डोक्यावरून न्यायची. ॲसिडनं तिच्या पदराला भोकं पडली. एकदा काकीनं फडक्यानं मला पुसताना नको तिथं बोट लावलं. "चावते गो ही," म्हणाली आणि त्यानंतर माझ्यावरची धूळ तशीच राहू लागली.

कर्णा मात्र सत्यवतीनं तसाच ठेवला. त्याबद्दल तिनं कुणालाच विचारलं नाही, काकांनाही नाही.

होळीच्या दोन दिवस आधी काकांसोबत मला होडीत चढवलं. रावजीनं कर्ण्यात डोकावून पाहिलं. "एवढा मोठा जबडा कशाला?"

"सगळ्यांना ऐकू यायला, दादा. एकट्या काकांनीच का ऐकायचं?"

बायकांनी होडीत बसायची रीत नव्हती, म्हणून ती किनाऱ्यावर राहिली. पुढचं मी पाहिलं.

दिवस मावळताना होडी थांबली. वल्हं पाण्यात गेलं. आधी नुसती खरखर, मग तळातून आल्यासारखं ढुम, ढुम. कर्ण्यातून ते असं निघालं की खलाशी उठून उभेच राहिले. काकांचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं. दोन वर्षांनी त्यांनी आपला मासा ऐकला होता. त्यांनी उत्तरेकडे बोट केलं आणि म्हणाले, "थांबा. लांब हाय."

"लांब कसला मामा, कानात बसलाय," रावजी म्हणाला. सगळे हसले. काका पुन्हा थांबा म्हणाले, दोनदा म्हणाले, पण जाळं पडलं. ते वर आलं तेव्हा त्यात बोटाएवढे चार ढोमे मासे आणि शेवाळ होतं. माझा आवाज ऐकून बाजूच्या दोन होड्या आल्याच होत्या. काकांनी बोट केलं होतं तिथं, उत्तरेला, त्यातल्या एकीनं जाळं भरून काढलं.

किनाऱ्यावर उतरताच रावजी सत्यवतीला म्हणाला, "तुझी पेटी सगळ्या दर्याला आवतण देते. उद्या एक दिवस उरला. तुझ्या हौसेसाठी पुन्यांदा हिला नेणार नाय."

ती रागानं लाल झाली होती. जेवताना तिनं काकांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "मासा तर सगळ्यांना ऐकू आला. मग चुकलं कुठे?"

काकांनी घास खाली ठेवला. "मासा जवळ असला की एकेक येगळा ऐकू येतो, बाय. लांब असला की सगळ्यांचा मिळून गुंगाट. आज गुंगाट होता. तुझ्या पेटीनं तो मोठा केला, जवळ नाय आणला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं. पन त्यांना सोताला ऐकू येत होतं ना? मग माझं कशाला ऐकतील?"

कोपऱ्यातून मी तिच्याकडे पाहत होते. ज्या गोष्टीसाठी ती नोकरी नाकारून आली होती, त्याच गोष्टीनं काकांचं तोंड बंद केलं होतं. आणि त्यात माझा हात होता.

सकाळी ती उठली ती माझ्यापाशीच आली. कर्ण्याचे आटे पिळून तिनं तो काढला. कर्ण्याच्या बुडाशी एक चपटी डबी असते, तिच्यात पातळ पत्र्याची चकती थरथरते. खरा आवाज तिचा, कर्णा नुसता गलका करतो. ती डबी लांब तारेला जोडून तिनं काकांच्या कानावर रुमालानं बांधली, आवाज कमी-जास्त करायची माझी खुंटी त्यांच्या हाती दिली आणि वल्ह्यावर नखानं टकटक केलं. "किती मोठं हवं, काका?" हे तिनं पहिल्यांदाच विचारलं. काकांनी खुंटी फिरवून आवाज कमी केला. मग आणखी कमी केला.

मला डोक्यावर घेऊन ती किनाऱ्यावर गेली. रावजी होडीत पाणी उपसत होता.

"दादा, आज फक्त काका ऐकतील."

"आनि आमी काय, भजन म्हनायचं?"

"तुम्ही त्यांच्या हाताकडे बघायचं. हात वर झाला की जाळं टाकायचं."

"आनि नाय झाला तर?"

"तर जाळं कोरडं परत आणायचं. उद्याचा नारळ मग तू फोड. मी स्वतः तुझ्या हातात देईन."

रावजीनं वाकून सुकाणूजवळची आपली घोंगडी उचलली आणि काकांना जागा करून ती पुढच्या फळीवर टाकली.

आता मी काकांच्या पायाशी बसलेय. माझा कर्णा काकीच्या अंगणात पडलाय. खाऱ्या हवेत माझे व्हॉल्व्ह किती दिवस टिकतील, सांगता येत नाही. माझ्यासारखी पेटी तुमच्याकडे आली तर तिची खुंटी ऐकणाऱ्याच्या हाती द्या, एवढंच मागणं. आता निरोप द्या. काकांनी वल्हं पाण्यात सोडलंय, यापुढे मला फक्त त्यांच्याच कानात बोलायचंय.